डोक्यावरून जाणारा रहाट

मला जत्रा आवडत नाही. ज्याने पंचवीस वर्षं जत्रांवर पोट भरलं त्याने असं लिहिणं बरं दिसत नाही, पण या अंकाचे संपादक घरी आले तेव्हा मी त्यांना हेच सांगितलं. ते हसले. "दगडूभाऊ, चार गमतीजमती लिहा हो, दिवाळीत लोकांना वाचायला बरं असतं," म्हणाले. गमती घडल्या, नाही असं नाही. त्या दोनतीन लिहितो. पण मग ज्या गोष्टीसाठी मी लेखणी धरायला कबूल झालो तीही लिहिणार. ती छापायची की नाही हे त्यांचं त्यांनी बघावं.

माझा धंदा रहाटपाळण्याचा. माघापासून वैशाखापर्यंत मावळात गावोगाव जत्रा भरतात. कार्ल्याची चैत्रातली मोठी, बाकीच्या दोनतीन दिवसांच्या लहानसहान. आता शहरात विजेवर फिरणारे लोखंडी पाळणे आलेत म्हणतात, ते मी पाहिलेले नाहीत. आमचा लाकडी, माणसांनी हातांनी फिरवायचा. दोन बाजूंना ऐनाचे उंच खांब, खांबांवर लोखंडी आस, आसाला सागाचे आरे आणि आऱ्यांच्या टोकांना सहा पाळणे. एका पाळण्यात चार माणसं. सगळ्यात वरचा पाळणा देवळाच्या मंडपाच्याही वर जायचा. मावळातल्या माणसाला उंची नवी नाही, तो लोहगडाच्या अंगाला गुरं चारतो. पण डोंगर चढताना गुडघे भरून येतात, आणि इथे नुसतं बसून वर जायला मिळतं, याचंच त्याला अप्रूप. शिवाय डोंगरावरून गाव मुंगीएवढं दिसतं. पाळण्यातून स्वतःच्या घराचं कौल दिसायचं, परड्यातली म्हैस दिसायची, खाली उभी असलेली बायको दिसायची आणि ती आपल्याकडे मान वर करून बघते आहे हेही दिसायचं.

हा रहाट माझा म्हणत असत, पण केला होता इब्राहिमने. इब्राहिम आमच्याच गावचा, बैलगाडीची चाकं करणारा. लाकूड आणि जागा माझी, हात त्याचे. लहानपणापासून आम्ही एकत्र, मराठी शाळेत चौथीपर्यंत एका बाकावर. लाकडाला नुसता तळहात लावून तो आतली भेग सांगायचा. रहाट उभा केला की पहिल्या दिवशी तो एकटा रिकाम्या पाळण्यात बसून दहा फेरे घ्यायचा आणि डोळे मिटून आवाज ऐकायचा. कुठे कुरकुर वाटली तर लोक कितीही ओरडोत, तो रहाट थांबवून वंगण घालायला चढायचा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाळणा फिरवायचा म्हणजे जोर लागतो. जोर थोडाच लागतो. लागते ती नजर. समोरासमोरच्या दोन पाळण्यांत सारखा भार असला तर एवढं मोठं धूड एका हाताने फिरतं. नसला तर चार पैलवानांना आवरत नाही. म्हणून भरताना आधी खालचा पाळणा भरायचा, मग अर्धा फेरा देऊन त्याच्या बरोबर समोरचा, मग दुसरी जोडी, मग तिसरी. उतरवताना तसंच. एक रिकामा केला की त्याच्या समोरचा खाली आणून तो रिकामा करायचा. शेजारशेजारचे पाळणे ओळीने रिकामे केले की एक बाजू हलकी, एक बाजू जड, आणि जड बाजू खाली धावणार. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आणि शेवटचाही. येणाऱ्या माणसाकडे पाहून मी वजन ठरवायचो आणि इब्राहिमला हळूच "पावणेदोन" किंवा "सव्वा" म्हणून सांगायचो, म्हणजे तितके मण.

त्यावरून एकदा तमाशा झाला. लोणावळ्याला हवा खायला आलेले एक मुंबईचे शेठ कुटुंबासह कार्ल्याच्या जत्रेत आले. बाईंना पाळण्यात एकटीनेच बसायचं होतं. शेजारी कोणी नको, म्हणे, अंगाला घामाचा वास येतो. बाई चांगल्या भरलेल्या. समोर घालायला तेवढी माणसं उरली नव्हती, म्हणून मी समोरच्या पाळण्यात दोन पोरं आणि तीन धोंडे घातले. बाईंनी ते पाहिलं. "मला धोंड्यांनी तोलता?" म्हणून त्यांनी जो आवाज चढवला तो पार भाजे गावापर्यंत गेला असेल. शेठजी खाली उभे राहून रुमालात तोंड घालून हसत होते. इब्राहिम गंभीरपणे म्हणाला, "बाईसाहेब, धोंडं देवळाच्या पायऱ्यांचं हायेत. भक्तिभावानं बसवल्यात." बाई निवल्या.

आणखी एकजण होता, देवजी नावाचा कांदेवाला. माघातल्या एका जत्रेत तो वर गेला आणि तिथून बोंबलायला लागला, "थांबवा, थांबवा!" घाबरला असेल म्हणून आम्ही थांबवला, तर हा नेमका टोकाला. वरून त्याला दिसलं होतं की त्याचे बैल दावं तोडून भावकीच्या हरभऱ्यात शिरलेत. "आरं, बैल बैल! खाली घ्या मला!" आणि खाली तोच भाऊबंद आपल्या पोराला घेऊन पाळीसाठी उभा. त्याने विचारलं, "कुनाचा हरभरा रं?"  मग आम्ही खाली घेईपर्यंत देवजी वरून एकच म्हणत राहिला, "काय न्हाई, काय न्हाई, फिरू द्या."

एक नवी नवरी होती. वर गेलं की नदीपलीकडे तिला माहेरचा पार दिसायचा. ओळीने तीन वेळा बसली. तिसऱ्यांदा बसताना तिची सासू खाली येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "उतरव तिला." मी उतरवली. या धंद्यात मी कुणाकुणाच्या सांगण्यावरून कुणाकुणाला उतरवलं त्याची यादी करायला बसलो तर हा अंक पुरणार नाही.

आता मूळ गोष्ट.

एक गाव होतं. नाव लिहीत नाही, कारण माझी धाकटी मुलगी तिथे दिली आहे. नाव लिहिण्याचं धैर्यही नाही, तेही सांगून टाकतो. त्या गावच्या पाटलाचा पहिल्या फेऱ्याचा मान असायचा. नारळ त्याने फोडायचा, पहिली पाळी त्याच्या घरच्यांची. हे सगळीकडेच असतं. पण आम्ही पहिल्या वर्षी गेलो तेव्हाच पाटलाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "दगडू, वेशीभायेरची मानसं येतील बसायला. त्यांना गावासंगं बसवू नगं."

मी म्हटलं, "वेगळ्या पाळण्यात बसवतो की, आबा."

"वेगळ्या पाळण्यानं काय हुतंय? ह्यो रहाट फिरतो ना? मी खाली आसताना त्यो वर आसनार. माज्या डोस्क्यावरनं जानार त्यो. हे चालायचं न्हाई."

खरं सांगतो, त्या वेळी मला ते पटलं. रीतच ती, वावगं काय त्यात, असं वाटलं. आम्ही ठरवून टाकलं की वेशीबाहेरच्या वस्तीची पाळी शेवटच्या दिवशी, गाव बसून झाल्यावर, रहाट उकलून गाडीत भरायच्या आधी. ती माणसं तीन दिवस लांब उभी राहून बघायची आणि शेवटच्या दुपारी यायची. बायका नवं लुगडं नेसून यायच्या. इब्राहिमला हे आवडत नव्हतं. खांबाला टेकून तो म्हणायचा, "दगडू, ह्यांच्या वजनाला काय येगळा मण लावायचा का?" मी हसून सोडून द्यायचो.

दुसऱ्या लढाईच्या तीनचार वर्षं आधीची गोष्ट. शेवटचा दिवस, दुपार. वस्तीतली चोवीस माणसं सहा पाळण्यांत भरलेली, रहाट चांगला गतीला लागलेला. इब्राहिम आणि मी खाली. त्या दिवशी सगळ्यात म्हातारी बाई होती ती सत्तरीच्या पुढची असेल, तिच्याबरोबर तिचा चाळिशीचा मुलगा. वर गेली की ती डोक्यावरचा पदर गच्च धरायची आणि खाली आली की मोठ्याने हसायची. तेवढ्यात पाटील आला. बरोबर तळेगावचे व्याही, विहीणबाई, पाचसहा पाहुणे. त्यांची गाडी परत निघायची होती, पण व्याह्यांना पाळण्यात बसायची हौस आली होती. पाटील येऊन थांबला तो नेमका अशा वेळी की म्हातारी त्याच्या डोक्यावर, आणि ती हसते आहे. व्याह्यांनी वर पाहिलं, मग पाटलाकडे पाहिलं. 

पाटलाचा चेहरा काळा पडला. "उतरव त्यांना."

"पाळी संपतीच आहे, आबा. उतरवतोच."

"आत्ता उतरव. पाव्हनं उभं ऱ्हानार का ह्यांच्याखाली?"

इब्राहिमने रहाट धरला, खालच्या आऱ्याला अडसर लावला. अडसर म्हणजे लाकडी दांडा, माणसं चढताउतरताना रहाट हलू नये म्हणून लावतात. पहिला पाळणा रिकामा केला आणि आमच्या रीतीप्रमाणे समोरचा खाली आणण्यासाठी अर्धा फेरा द्यायला लागला. पाटील ओरडला, "आता पुन्ना फिरवतो कशाला? मजा करायला लागला का?"

"समोरासमोर उतरवावं लागतं, आबा. भार..." इब्राहिम सांगत होता.

मी मध्ये पडलो. "ओळीनं उतरव," मी म्हटलं.

"दगडू, न्हाई." तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला.

चार लोकांत, पाटलासमोर, पाटलाच्या व्याह्यांसमोर मला नाही म्हटलं हे मला लागलं. मी पुढे झालो, अडसर स्वतः काढला, शेजारचा पाळणा खाली ओढला आणि लोकांना म्हटलं, "उतरा, उतरा, लवकर." दोन पाळणे रिकामे झाले. तिसऱ्यात म्हातारी होती. इब्राहिमने पुन्हा अडसर लावला होता आणि दोन्ही हातांनी आरा धरून तो उभा होता.  म्हातारीचा एक पाय जमिनीवर, एक पाळण्यात, हात मुलाच्या खांद्यावर. तेव्हा अडसर मोडला.

जड बाजू खाली यायला निघाली. म्हातारी पाळण्याबरोबर ओढली जाणार हे मला दिसलं, पण माझे हात हलले नाहीत. इब्राहिमने आरा सोडला नाही. सोडला असता तर त्याला काही झालं नसतं. तो आऱ्याबरोबर खांबापर्यंत घसरत गेला आणि त्याचा उजवा हात आरा आणि खांब यांच्या मध्ये सापडला. रहाट तिथे थांबला. मुलाने आईला ओढून घेतलं. तिला खरचटलंसुद्धा नाही.

हात सोडवायचा तर भरलेला रहाट उलटा ढकलायला हवा होता. मी ओरडलो, "या रे, हात लावा!" वस्तीतले पाचसहा बापे धावले. गावचं कोणी आलं नाही. आलं असतं तर त्यांच्या खांद्याला खांदा लावावा लागला असता. आम्ही ढकलला. इब्राहिम ओरडला नाही, फक्त म्हणाला, "वरची मानसं आधी उतरवा. समोरासमोर."

पाटलाने लोणावळ्यापर्यंत न्यायला स्वतःची गाडी दिली, हे सांगायला हवं. वस्तीतल्या दोघांनी इब्राहिमला गाडीत धरलं. मला मात्र पाटलाने चावडीवर थांबवून घेतलं. बाहेर तोवर गावात दुसरंच सुरू झालं होतं. या लोकांना चढवलं म्हणून देवी कोपली, असं एक म्हणत होता. यांनीच वरून उड्या टाकल्या, रहाट हेलकावला, असं दुसरा म्हणत होता. दोघांतिघांच्या हातात काठ्या आल्या होत्या. चावडीवर पाटील कागद घेऊन बसला आणि मला म्हणाला, "फौजदार इचारनार. बोल, ह्या लोकांनी गडबड केली, का तुज्या मानसाची चूक?"

दोनच उत्तरं त्याने पुढे ठेवली होती. तिसरं मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. मी लिहून दिलं, इब्राहिमने अडसर नीट लावला नाही. खाली सही केली. घरी जाताना मी स्वतःला समजावलं की मी असं लिहिलं म्हणून वस्तीतली माणसं वाचली. पुढची अकरा वर्षं मी हेच समजावत होतो.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात इब्राहिमचा हात कोपराखाली काढला. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा तो झोपलेला होता, किंवा मला तसं वाटून घेणं बरं वाटलं. नंतर तो आपल्या बहिणीकडे सुदुंबऱ्याला राहायला गेला. मी दुसरा माणूस ठेवला आणि पुढल्या माघात रहाट पुन्हा उभा केला. त्या गावातही. पाटलाने नारळ फोडला. वस्तीची पाळी शेवटच्या दिवशी, तशीच.

स्वराज्य आलं त्या पावसाळ्यानंतर मला राहवेना. का, ते मला नीट सांगता येत नाही. वय झालं होतं, झोप लागत नव्हती. तळेगाव स्टेशनला उतरलो आणि पायी सुदुंबऱ्याला गेलो. इब्राहिम अंगणात बसला होता, भाच्याला चाक जोडायला सांगत होता. हात भाच्याचे, डोळे याचे. "आवळ. आनिक. बास. आता ठोक." मला पाहून म्हणाला, "ये. बस."

मी म्हटलं, "इब्राहिम, मी तेव्हा लिहून दिलं..."

"ठाव हाय मला. फौजदारानं दवाखान्यात वाचून दाखवलं. खरं का म्हनून इचारलं. मी व्हय म्हनलं." मग हसला. "सही करायला गेलो तर हात न्हाई. चौथी शिकलेल्यानं आंगठा दिला."

 मी म्हटलं, "व्हय का म्हणालास? माझ्यासाठी?"

"तुज्यासाठी?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. "मी न्हाई म्हनलं आसतं तर मग कुनी केलं, आसं आलं आसतं. पाटलाला कोन धरतंय? तुला कोन धरतंय? त्या म्हातारीच्या लेकाला धरून नेलं आसतं. म्हनून व्हय म्हनलं."

म्हणजे ज्या गोष्टीचं श्रेय मी अकरा वर्षं स्वतःला देत होतो ती त्याने केली होती, हात गमावून वर नावही गमावून. मी रडलो.  मग त्याने विचारलं, "रहाट फिरतोय का आजून?"

"फिरतो."

"त्या गावात जातोस?"

"जातो."

"त्यांना बसवतोस?"

"शेवटच्या दिवशी," मी म्हटलं.

तो भाच्याकडे वळला. "मामाला च्या दे," म्हणाला. मी उठून निघालो तेव्हा तो उठला नाही.

पुढल्या चैत्रात मी त्या गावात रहाट नेला. जुना पाटील वारला होता, त्याचा मुलगा आता मोठा शहाणा, खादी घालणारा. मी त्याला सरळ सांगितलं, "यंदा वेगळी पाळी नाही. येईल तो बसेल. नाहीतर मी पाळणा उभारत नाही." तो म्हणाला, "आवो भाऊ, आता काळ बदलला. बसू द्या की." एवढं सोपं होतं. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की हे म्हटलं तर आभाळ कोसळेल.

पहिला दिवस गेला, वस्तीतून कुणी आलं नाही. दुसरा गेला. तिसऱ्या दुपारी मी एक पाळणा रिकामा ठेवून वाट पाहिली. शेवटी मीच वेशीबाहेर चालत गेलो. आमच्या धंद्यातला माणूस गिऱ्हाईक बोलवायला कुणाच्या दारात जात नाही, मी गेलो. म्हातारी कधीच गेली होती. तिचा मुलगा दारात बसला होता, आता डोकं पांढरं झालेलं. त्याने मला ओळखलं. घोंगडी पुढे टाकली, पाणी विचारलं.

मी म्हटलं, "चला. पोरंबाळं घेऊन चला. आता वेगळी पाळी नाही. गावासंगं बसा, पाहिजे तिथं बसा."

आतून सुना ऐकत होत्या. एक लहान मुलगी उंबऱ्यापर्यंत आली होती, तिला त्याने हाताने मागे सारलं.

"न्हाई, भाऊ," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तुमी चढवाल वो. उतरवताना तुमचा भरवसा न्हाई."